क्रीपीपास्ता : शब्द कुठून आला आणि कसा वापरायचा

शीर्षक वाचून ज्यांच्या डोळ्यांसमोर कॅन्टीनची प्लेट आली असेल, त्यांना आधीच सांगते, हा लेख खाण्यावर नाही. 'क्रीपीपास्ता' म्हणजे इंटरनेटवर एकाकडून दुसऱ्याकडे फिरत जाणारी, बहुतेक वेळा निनावी, वाचताना खरी वाटावी अशा बेताने लिहिलेली भीतीची गोष्ट. आपल्या मंडळातले निम्मे लोक हा शब्द रोज वापरतात आणि उरलेल्या निम्म्यांना तो ऐकून हसू येतं. वापरणाऱ्यांपैकीही बरेच जण कुठल्याही भयकथेला क्रीपीपास्ता म्हणून मोकळे होतात. पो असो, धारप असोत, की रात्री बाराला हॉस्टेलवर रंगवून सांगितलेला किस्सा असो, सगळ्याला एकच नाव. तसं करू नये असं मला वाटतं, आणि का ते सांगायला थोडं शब्दाच्या पोटात शिरावं लागेल.

पहिला अर्धा भाग 'क्रीपी'. इंग्रजीत 'क्रीप' म्हणजे सरपटणं, रांगणं, चोरपावलांनी पुढे सरकणं. भिंतीवर चढणाऱ्या वेलीला 'क्रीपर' म्हणतात ते त्यामुळेच. अंगावरून काहीतरी सरपटत गेल्यासारखं जे वाटतं ते 'क्रीपी'. डिकन्सने 'डेव्हिड कॉपरफील्ड'मध्ये (१८४९-५०) 'द क्रीप्स' असा प्रयोग केलाय, पण तिथे भुताखेताचा संबंध नाही. थंडीने पाठीत शिरशिरी येणाऱ्या एका बाईच्या तक्रारीचं ते नाव आहे. म्हणजे शब्द मुळात शरीराचा, मग भीतीचा झाला.

आता मराठीत बघा. आपल्याकडे भीतीचे शब्द भरपूर आहेत. अंगावर काटा येतो, दरदरून घाम फुटतो, बोबडी वळते, पाचावर धारण बसते, भीतीने गाळण उडते. पण यातले बरेचसे भूत दिसल्यानंतरचे आहेत. बोबडी वळायला समोर काहीतरी उभं राहावं लागतं. 'क्रीपी' मात्र त्याच्या आधीची अवस्था आहे. काही घडलेलं नाही, कुणी दिसलेलं नाही. फक्त खोलीतली रिकामी खुर्ची कालच्यापेक्षा जरा खिडकीकडे सरकलेली वाटतेय आणि ती तुम्ही सरकवलेली नाही. या अवस्थेला मराठीत जवळचं काय म्हणावं यावर मी बराच विचार केला. 'मनात पाल चुकचुकणं' हे मला सगळ्यात जवळचं वाटतं. गंमत म्हणजे तिथेही एक सरपटणारा प्राणी आहेच.

दुसरा अर्धा भाग 'पास्ता', आणि इथे खरी मजा आहे. कॉम्प्युटरवर आपण मजकूर 'कॉपी' करतो आणि दुसरीकडे 'पेस्ट' करतो. २००६च्या आसपास 'फोर-चॅन' नावाच्या संकेतस्थळावर, जिथे लिहिणाऱ्याला नावच लागत नाही, काही ठरावीक मजकूर लोक पुन्हापुन्हा जसाच्या तसा डकवत असत. अशा मजकुराला थट्टेने 'कॉपी-पेस्ट'चं 'कॉपीपास्ता' झालं. मग त्यातला जो मजकूर अंगावर येणारा, तो 'क्रीपीपास्ता'. २००७-०८पर्यंत हा शब्द रुळला. २००८ मध्ये त्याच नावाचं संकेतस्थळ निघालं, २०१० मध्ये अशा गोष्टी साठवणारा विकी निघाला. शब्द निव्वळ कोटीतून जन्माला आला हे खरं, पण कोटी अगदीच हवेतली नाही. इंग्रजीतला 'पेस्ट' आणि इटालियनमधला 'पास्ता' हे सख्खे नातेवाईक आहेत. दोघांचं मूळ उत्तरकालीन लॅटिनमधल्या 'पास्ता' या शब्दात, अर्थ मळलेलं पीठ. टूथपेस्ट, पेस्ट्री, पास्ता हे सगळं एकाच कणकेचं. ज्याने पहिल्यांदा थट्टा केली त्याला हे ठाऊक असेल असं नाही, पण भाषेला होतं.

तेव्हा शब्दाच्या पोटातच व्याख्या आहे. भीती अर्धी, आणि डकवणं अर्धं. गोष्ट कितीही भीतिदायक असो, ती जर लेखकाच्या नावानिशी पुस्तकात बसलेली असेल तर ती भयकथा, क्रीपीपास्ता नाही. क्रीपीपास्ता व्हायला तिला घर सोडावं लागतं.

आता नमुने. सगळ्यात जुना म्हणून ज्याचं नाव नेहमी घेतलं जातं तो 'टेड द केव्हर', २००१ सालचा. तेव्हा क्रीपीपास्ता हा शब्दही नव्हता. गुहा धुंडाळणाऱ्या एका माणसाने आपल्या साध्यासुध्या वेबपानावर लिहिलेली रोजनिशी, सोबत फोटो. गुहेत एक अगदी अरुंद भोक आहे, पलीकडून वारा येतो, ते भोक हातोडीने मोठं करायचं काम अनेक फेऱ्या चालतं. मग आवाज. मग स्वप्नं. शेवटी तो लिहितो की आता पुन्हा जातोय, आल्यावर सगळं लिहीन. त्यापुढे पान रिकामं. मला ही गोष्ट फार आवडते आणि त्याचं कारण भूत नव्हे, ते भोक मोठं करण्याचं कंटाळवाणं, तपशीलवार वर्णन. कोणतं हत्यार नेलं, किती इंच दगड फुटला, कोपर कुठे अडकलं. एवढा कंटाळवाणा तपशील खोटं बोलणारा माणूस कशाला देईल, असं वाटून आपण हळूहळू विश्वास ठेवायला लागतो. क्रीपीपास्त्याचं सगळं तंत्र यात आलं.

दुसरा नमुना 'कँडल कोव्ह', २००९ सालचा, लेखक क्रिस स्ट्रॉब. ही गोष्ट गोष्टीसारखी लिहिलेलीच नाही. टीव्हीच्या जुन्या कार्यक्रमांवर गप्पा मारणाऱ्या काही लोकांचे एकापाठोपाठ एक निरोप, एवढंच. सत्तरच्या दशकात लहान मुलांसाठी कळसूत्री बाहुल्यांचा, समुद्रचाच्यांचा एक कार्यक्रम लागायचा, आठवतो का? एकाला आठवतो, दुसऱ्याला त्यातलं एक विचित्र पात्र आठवतं, तिसऱ्याला एक भाग आठवतो ज्यात सगळ्या बाहुल्या नुसत्या किंचाळत होत्या. शेवटी एक जण सांगतो की मी आईला विचारलं. आई म्हणाली, तू म्हणायचास आता माझा कार्यक्रम लागणार, आणि मग अर्धा तास टीव्हीवरच्या मुंग्यांकडे बघत बसायचास. बस, संपलं. हे वाचल्यावर लोकांनी काय केलं, तर यातला एकेक निरोप उचलून खऱ्याखुऱ्या चर्चांमध्ये डकवला, आणि आपल्यालाही तो कार्यक्रम आठवतो असं सांगू लागले. स्ट्रॉबचं नाव गळून पडलं. गोष्टीच्या रूपातच तिच्या पळून जाण्याची सोय होती. पुढे २०१६ मध्ये 'चॅनल झीरो' या मालिकेचा पहिला हंगाम याच गोष्टीवर निघाला, तिथे श्रेय रीतसर दिलंय.

बाकी ठरलेले साचे आहेत, त्यात मी फार रमणार नाही. हरवलेला कार्टूनचा भाग, पछाडलेला व्हिडिओ गेम, रात्री आरशासमोर करायचा विधी, गुप्त प्रयोग. 'रशियन स्लीप एक्स्पेरिमेंट' ही २०१०ची गोष्ट यातल्या शेवटच्या जातीची. कैद्यांना वायू देऊन कित्येक दिवस जागं ठेवलं वगैरे. तिच्यासोबत जो भेसूर फोटो फिरतो तो हॅलोवीनला विकल्या जाणाऱ्या एका बाहुल्याचा आहे. तरीही हिंदीत ती 'सच्ची घटना' म्हणून घोगऱ्या आवाजात ऐकवणारे व्हिडिओ तुम्हाला सापडतील. वाईट क्रीपीपास्त्यालाही इंग्रजीत नाव आहे, 'क्रॅपीपास्ता'. त्याचं भाषांतर इथे करत नाही, फादर हे मासिक वाचतात.

एक गोष्ट मात्र घाईने सांगून चालणार नाही. १० जून २००९ रोजी 'समथिंग ऑफुल' या संकेतस्थळावर एक खेळ चालू होता. फोटोत फेरफार करून भुताटकीची चित्रं बनवायची. एरिक नूडसन या माणसाने 'व्हिक्टर सर्ज' या टोपणनावाने दोन कृष्णधवल फोटो टाकले. खेळणारी मुलं, आणि मागे एक अतिउंच, काळ्या सुटातला, चेहरा नसलेला माणूस. खाली दोन ओळी, जणू जुन्या नोंदींतून उतरवलेल्या. तो 'स्लेंडर मॅन'. त्या पानावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं की हे बनवलेलं आहे, पानाचा विषयच तो होता. पण फोटो तिथून उचलले गेले, विषय तिथेच राहिला. गोष्टी, व्हिडिओ मालिका, गेम. दरवेळी डकवताना 'हे बनावट आहे' ही चिठ्ठी आणखी थोडी फाटत गेली.

३१ मे २०१४ रोजी अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या वॉकेशा गावात बारा वर्षांच्या दोन मुलींनी आपल्याच वर्गातल्या मैत्रिणीला रानात नेऊन चाकूने एकोणीस वार केले. ती मुलगी रांगत रस्त्यापर्यंत आली, एका सायकलस्वाराला दिसली, आणि वाचली. पोलिसांना त्या दोघींनी सांगितलं की हे स्लेंडर मॅनसाठी केलं. त्याचा वाडा जंगलात आहे आणि त्या तिकडे चालत निघाल्या होत्या. न्यायालयाने मानसिक आजार मान्य करून दोघींना मनोरुग्णालयात पाठवलं. म्हणजे इथे आजार होता, हे विसरून 'इंटरनेटने पोरं बिघडवली' असा सरळ निष्कर्ष काढणं अन्यायाचं होईल. लाखो मुलांनी त्याच गोष्टी वाचल्या आणि फार तर एक रात्र दिवा लावून झोपली. पण उलट बाजूने 'गोष्टीचा काही संबंधच नाही' हेही मला पटत नाही. त्यानंतर क्रीपीपास्ता विकीच्या चालकांना जाहीर निवेदन काढावं लागलं की इथलं सगळं काल्पनिक आहे. मला हे निवेदन महत्त्वाचं वाटतं. जो साहित्यप्रकार 'मी साहित्य नाही' असं भासवूनच परिणाम साधतो, त्याला स्वतःच्या तोंडाने 'मी साहित्य आहे' म्हणावं लागलं.

मराठीत आपण भूतकथा, भयकथा आणि गूढकथा असे तीन शब्द वापरतो. भूतकथेत भूत असतंच. भयकथा म्हटलं की नारायण धारप आठवतात, गूढकथा म्हटलं की रत्नाकर मतकरी. तिघींनाही सांगणारा आहे आणि तो समोर बसलेला आहे. शिवाय आपल्या भुतांना पत्ते आहेत. मुंजा पिंपळावर असतो, चकवा ठरावीक रानवाटेवर लागतो, देवचाराची हद्द असते. वेस ओलांडली की सुटलात. (आमच्या घरी भुतांना सक्त मनाई; तरी २ नोव्हेंबरला सिमेटरीत मेणबत्त्या लावून परतताना आजी मागे वळून बघू देत नसे, ते कशासाठी हे तिने कधी सांगितलं नाही.) क्रीपीपास्त्याच्या भुताला वेस नाही. तो फोनमधून येतो आणि फोन उशाशी असतो.

आपल्या या भागातलं जवळचं उदाहरण 'नाळे बा'. बेळगावात राहून याचा अर्थ कुणाला सांगावा लागू नये, पण बडोद्याच्या आणि इंदूरच्या वाचकांसाठी सांगते : कन्नडमध्ये 'उद्या ये'. १९९०च्या दशकात बंगळूर भागात अफवा होती की रात्री एक बाई ओळखीच्या आवाजात दारावर हाक मारते, दार उघडलं की संपलं. म्हणून लोकांनी दारांवर, भिंतींवर 'नाळे बा' लिहिलं. ती रोज वाचणार आणि रोज परत जाणार. २०१८च्या 'स्त्री' या हिंदी सिनेमात हीच युक्ती आहे. मग हा क्रीपीपास्ता का? मुळात नाही. ती तोंडातोंडी आणि भिंतीभिंतीवरून पसरलेली लोककथा, शहरी दंतकथा म्हणा हवं तर. पण तीच आज इंग्रजी परिच्छेदाच्या रूपात, 'माझ्या मामाच्या शेजाऱ्याबरोबर घडलेली' म्हणून फिरते तेव्हा ती क्रीपीपास्ता झालेली असते. मजकूर तोच, प्रवास बदलला.

आणि डकवण्याची चाल तरी कुठे नवी आहे? जुनी माणसं सांगतात की अमुक देवाच्या नावाने पोस्टकार्डं यायची, एवढी पत्रं लिहा नाहीतर संकट. आमच्या चर्चच्या बाकांवर सेंट ज्यूडच्या प्रार्थनेच्या झेरॉक्स अजून अधूनमधून सापडतात, खाली 'इतक्या प्रती काढून ठेवा' अशी सूचना. मिस्सानंतर बाक पुसणारी बाई त्या गोळा करते, पुढच्या महिन्यात नव्या येतात. पत्ता नाही, सही नाही, आणि न पाठवण्याची भीती. क्रीपीपास्त्याला आजोबा शोधायचे तर ते पोमध्ये शोधू नका, या पत्रांमध्ये शोधा.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण असं. आपल्या अंकाच्या भयकथा विभागासाठी जे लेखन आलं, त्यात एक कथा चांगली होती. फार चांगली होती. दुसऱ्या पानावर मला ती ओळखीची वाटली आणि शोधल्यावर तिचं इंग्रजी मूळ सापडलं. गावांची नावं बदललेली, बाकी सगळं तसंच. पाठवणाऱ्याचं म्हणणं होतं की क्रीपीपास्ता कुणाचाच नसतो, तो डकवायचाच असतो, शब्दातच तसं आहे. युक्तिवाद तोडीचा आहे, म्हणून त्याला उत्तर द्यायला हवं.

शब्द प्रवासाचं वर्णन करतो, मालकीचं नाही. नाव गळून पडणं म्हणजे नाव नसणं नव्हे. 'कँडल कोव्ह' निनावी फिरत होती तेव्हाही ती स्ट्रॉबचीच होती. आपल्या कायद्यात लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, निनावी लेखनाला प्रकाशनापासून ६० वर्षं मिळतात, आणि भाषांतराचा हक्कही त्यातच येतो. इंटरनेटवरची सगळ्यात जुनी क्रीपीपास्तासुद्धा अजून पंचवीसच्या आसपास आहे. 'नो स्लीप' नावाचा रेडिटवरचा भयकथांचा मोठा कट्टा आहे. तिथला नियमच असा की वाचकांनी प्रत्येक गोष्ट खरी मानून बोलायचं. पण २०२० मध्ये तिथल्याच लेखकांनी, आमच्या गोष्टी न विचारता व्हिडिओवाले वाचून दाखवतात आणि पैसे मिळवतात म्हणून, तो कट्टा काही दिवस बंद ठेवला. भूत खरं आहे असं सगळ्यांनी मिळून मानायचं ठरलं होतं. लेखक खोटा आहे असं काही ठरलं नव्हतं. ज्याला भाषांतर करायचंच आहे त्याला वाट आहे. 'एससीपी फाउंडेशन' या सामूहिक प्रकल्पातलं लेखन खुल्या परवान्याखाली आहे. मूळ लेखकाचं श्रेय द्यायचं आणि आपलं भाषांतरही त्याच परवान्याने खुलं ठेवायचं, एवढीच अट. अंकातल्या त्या कथेबद्दल संपादक मंडळाने ठरवलं ते असं : मूळ लेखकाला पत्र पाठवायचं, होकार आला तर 'अनुवाद' म्हणून दोघांच्या नावानिशी छापायची. उत्तर अजून यायचंय.

राहिला प्रश्न मराठीत हा शब्द चालवायचा कसा. 'डकवकथा' असा पर्याय मी मंडळात मांडला होता, त्यावर जे हसू पिकलं त्यानंतर मी तो मागे घेतला. 'भयशेवया' ही सूचना दुसऱ्याची, तिची जबाबदारी माझी नाही. मूळ शब्दच राहू द्यावा, पण त्याला मराठी व्याकरण लावावं. पास्ता आपण पुल्लिंगी केलाय, म्हणून तो क्रीपीपास्ता, अनेकवचन क्रीपीपास्ते, आणि रस्ता-रस्त्यात तसं क्रीपीपास्त्यात. तरी मी ऐकते तेव्हा मुली सर्रास 'ती क्रीपीपास्ता वाचलीस का' म्हणतात, कारण मनात 'गोष्ट' असते. या लेखातही एका ठिकाणी ती 'जुनी' झालीच आहे. मुद्दाम ठेवलीय, शोधा. कुठलं लिंग टिकेल ते वापरणारे ठरवतील. वाक्यात वापरताना एवढं पाहावं : 'काल मतकरींचा एक क्रीपीपास्ता वाचला' हे चूक, ती गूढकथा. 'ग्रुपवर एक क्रीपीपास्ता आलाय, कुणाचा आहे शोधूया का' हे बरोबर.